धागा: दीड लाख घालून अडीच किलो कमी करावेत का? (हलकी रोड बाईक, संभाजीनगर)

पहाटेचा_पॅडलर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ॲल्युमिनियमची रोड बाईक आहे, क्लॅरिसवाली (शिमानोचा साधा गियर सेट), ८ स्पीड, पुढं ५०-३४ दाती, मागं ११-२८ दाती, काट्यावर ठेवली तर १०.८ किलो भरते. माझं वजन ७८. रोजचा रूट नगर नाका, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद आणि सुट्टीच्या दिवशी वर म्हैसमाळ. सपाटीवर मी ग्रुपमधे बरोबर असतो पण म्हैसमाळच्या चढाला सगळे पुढं निघून जातात आणि मी वर पोचेपर्यंत यांचा चहा पिऊन झालेला असतो. आता एक कार्बन बघितली, १०५ ग्रुपसेट (शिमानोचाच वरचा गियर-ब्रेक सेट), डिस्क ब्रेक, ८.२ किलो, १ लाख ६५ हजार सांगतायत. जुनी वीसेक हजारात जाईल. म्हणजे खिशातून १ लाख ४५ हजार. घरी अजून बोललो नाही, आधी इथं विचारून घेतो. खरंच फरक पडतो का की नुसतं मनाचं समाधान? ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांनी जरा सविस्तर सांगा.

निवांत_नळदुर्ग
पोट कमी करा, फुकटात होतं 😄

पहाटेचा_पॅडलर
हे येणार माहितीच होतं. पोट चालू आहेच, सायकलचं बोला.

वजनकाटा_जालना
हिशोब मांडतो, मग ठरवा. तुम्ही ७८, सायकल १०.८, दोन बाटल्या हेल्मेट बूट पंक्चर किट पंप मोबाईल मिळून ३ किलो धरा. झाले साधारण ९२ किलो. नव्या सायकलने त्यातले २.६ जाणार, म्हणजे पूर्ण ओझ्याच्या तीन टक्क्यांच्या आत. आपण नेहमी १०.८ आणि ८.२ ची तुलना करतो म्हणून फरक डोळ्यात भरतो, पण पायाला ओढायचे असतात ते ९२.

चढावर वाचणारा वेळ काढायला सोपं सूत्र आहे, कमी झालेलं वजन गुणिले ९.८ गुणिले चढाची उंची, भागिले तुमचे वॉट (पायाची ताकद). समजा घाटात एकूण ३०० मीटर उंची चढायची आणि तुम्ही १८० वॉट सलग देऊ शकता. २.६ × ९.८ × ३०० ÷ १८०, उत्तर ४२ सेकंद. एवढ्या चढाला तुम्हाला अर्धा तास लागणार, त्यातले ४२ सेकंद. त्यांचा चहा तरी पण झालेलाच असेल.

सपाटीवर तर विषयच नाही. वजनाचा परिणाम तिथं फक्त टायरच्या घर्षणातून येतो, ताशी ३० ला २.६ किलोचा फरक म्हणजे जेमतेम एक वॉट. तासाभरात सात-आठ सेकंद. ताशी ३० ला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला तुमच्या सायकलचं वजन माहीत नसतं.

आणि हो, १ लाख ४५ हजार भागिले २६०० ग्रॅम, ग्रॅमला ५५ रुपयाच्या वर पडला. मी फक्त आकडे सांगतोय.

सराटा_परभणी
भाऊ आमच्याकडं याच्या उलट हाय. आमच्या भागात घाटच नाई, परभणी ते गंगाखेड, परभणी ते नांदेड, सगळं सपाट, तिथं हलक्या सायकलीचं काय लोणचं घालायचं. आमचं दुखणं हाय सराटे. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडंला सराट्याची वेल वाळून पडती अन् तिचे काटे असे असतेत की कसाबी पडला तरी एक टोक वरच. त्यात वेडी बाभूळ. तुम्ही हलक्या सायकलीवर हलके टायर घालणार, पातळ, कागदावानी, अन् मग बसा बांधावर ट्यूब बदलत. मी जुनी क्रोमोलीची (स्टीलची) सायकल चालवायलो, साडेअकरा किलो, २८ मिमीचे जाड टायर, आतून पट्टी टाकलेली. मला कुणी मागं टाकलं तर टाकू द्या, पुढं चार किलोमीटरवर भेटतेतच पंक्चर काढताना 😂

एक कामाची गोष्ट सांगतो, पंक्चर झालं की नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा बारीक मोडून आत राहतो, बोटाला लागत नाई पण कापूस अडकतो. निम्मे लोक हे करत नाईत अन् म्हणतेत ट्यूब खराब निघाली.

कार्बनप्रेमी
हिशोब बरोबर आहे पण हिशोबात सगळं येत नाही. मी आधी ॲल्युमिनियम चालवायचो, आता कार्बन. स्टँडवरून उचलली की कळतं, पॅडलवर उभं राहिलं की कळतं, दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडून चढ लागतो तिथं तर लगेच कळतं. दुसरं म्हणजे रस्त्याची थरथर. तीनेक तास चालवल्यावर हात आणि मान यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि तिसरी गोष्ट कुणी कबूल करत नाही, चांगली सायकल दारात उभी असली की पहाटे पाचला उठावंसं वाटतं. जास्त चालवली की फिटनेस वाढतो, फिटनेस वाढला की घाट सोपा जातो. हे कुठल्या सूत्रात बसवता?

आणि चाकाचं वजन वेगळं मोजा. फिरणारं वजन दुप्पट लागतं.

वजनकाटा_जालना
उठावंसं वाटतं हे मान्य, त्याला माझ्याकडे सूत्र नाही. त्याची किंमत दीड लाख की कमी हे ज्याचं त्याने ठरवावं.

पण फिरणारं वजन दुप्पट हे अर्धवट आहे. दुप्पट लागतं ते फक्त वेग वाढवताना, आणि ते पण रिम-टायरचं, हबचं नाही. एकसारख्या वेगाने घाट चढताना रिमवरचे १०० ग्रॅम आणि बाटलीतले १०० ग्रॅम सारखेच. वेग घेतानाचंही बघा, दोन्ही रिम मिळून ४०० ग्रॅम कमी केले आणि शून्यावरून ३० ला गेलात तर एकूण लागणाऱ्या ऊर्जेत एक टक्का पण वाचत नाही. क्रिटेरियम रेसमधे (छोट्या वळणदार सर्किटवरची) दर वळणाला ब्रेक आणि स्प्रिंट असतो तिथं हे थोडं जाणवेल, म्हैसमाळला वळणावर कोण स्प्रिंट मारतंय.

थरथरीबद्दल पण शंका आहे. जुन्या सायकलला टायर कोणते होते, नव्याला कोणते आहेत?

कार्बनप्रेमी
जुन्याला २३, नव्याला २८.

वजनकाटा_जालना
🙏 बस.

कार्बनप्रेमी
अहो पण फ्रेमचा पण फरक असतोच की, सगळंच टायरवर कसं ढकलता. कार्बनची सीटपोस्ट (सीटचा दांडा) लवते, ती काय कल्पना आहे का.

वजनकाटा_जालना
सीटपोस्ट लवते, बरोबर. ती एकटी पण विकत मिळते.

लातूरची_लेक
पुरुषांच्या हिशोबात सगळे ७८-८० किलोचे असतात म्हणून माझा मांडते. माझं वजन ५२. सायकल तीच १०.८, सामान तेच ३. एकूण ६६. त्यातून २.६ गेले तर ४ टक्के, म्हणजे मला तुमच्यापेक्षा जवळपास दीडपट फायदा. स्टॉक सायकली मोठ्या माणसाच्या मापाने बनतात, त्यामुळे हलक्या रायडरला जड सायकल खरंच जास्त जड पडते. शिवाय मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, रोज खांद्यावर घेऊन चढायची. तेव्हा वजनाने काही होत नाही असं सरसकट म्हणू नका.

पण मूळ प्रश्न विचारणाऱ्या दादांना माझं म्हणणं वेगळं आहे. तुमचा सगळ्यात हलका गियर ३४-२८ हे खरं दुखणं आहे. वजनाचं नंतर बघा, आधी मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बघा.

मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब राईड. तिथं २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. तिथं येणाऱ्या सायकली बघा, मडगार्ड, दोन-दोन लाईट, मागं बॅग, दोन बाटल्या भरलेल्या, कुणाची बारा किलोच्या खाली नसते. पूर्ण करणाऱ्यात हलक्या सायकलवाले जास्त असतात असं मला तरी कधी दिसलं नाही. सोडून देणारे बहुतेक बूड, गुडघे, मान नाहीतर पोट यातल्या एकाने सोडतात. त्यामुळे १ लाख ४५ हजारातले पाच-सात हजार आधी बाईक फिटला (सायकल अंगाच्या मापाला बसवून घ्यायला) द्या.

पहाटेचा_पॅडलर
ताई कॅसेटचं जरा उलगडून सांगाल का? मला वाटायचं छोटा गियर म्हणजे फक्त हळू जाणं.

लातूरची_लेक
हळूच जायचंय, तोच मुद्दा आहे. ३४-२८ मधे पॅडल एकदा फिरलं की चाक १.२ वेळा फिरतं. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग येतो ताशी पावणेअकरा. ८ टक्के चढावर तुमचं ओझं धरून पावणेअकराला लागतात २३० च्या आसपास वॉट. तुमच्याकडे आहेत १८०. मग तुम्ही ७० फेऱ्या मारूच शकत नाही, ५५ वर येता, उभे राहता, मांड्या भरून येतात, पुढच्या वळणापर्यंत श्वास संपतो. तेच मागं ३४ दात असले की गुणोत्तर एकास एक, ७० फेऱ्यांना वेग ८.८, आणि लागतात १८५ वॉट. म्हणजे तुमच्या ताकदीच्या टप्प्यात. बसून, श्वास न तुटता. असं चढलात तर वर एकूण वेळ कमीच लागेल कारण मधे थांबावं लागत नाही.

कॅसेट दोन-अडीच हजारात येते. फक्त मागच्या डिरेलरची (गियर बदलणारा भाग) केज (चेन धरणारा दांडा) लांब पाहिजे, आखूडवाली ३४ घेत नाही.

वजनकाटा_जालना
आकडे तपासले, बरोबर आहेत. ही पोस्ट वर पिन करा कुणीतरी.

पॅडल_आणि_पाना
नांदेडहून. माझं सायकलचं छोटं दुकान आहे त्यामुळे खरं तर मी महाग सायकल घ्याच म्हणायला पाहिजे 😄 पण रिपेअरिंगच्या बाजूनं दोन गोष्टी बोलतो ज्या विकणारा सांगत नाही.

कार्बन नाजूक असते हे अर्धं खरं. चालवताना ती चांगली मजबूत असते, तिला पडण्याइतकीच भीती चुकीच्या जागी दाबाची. सीटपोस्टचा नट अंदाजानं आवळला, गाडीच्या कॅरियरला टॉप ट्यूबला शिकंजा लावला, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत तिच्यावर कुणी गोणी टाकली, तर आतून तडा जातो अन् वरून रंगाला फक्त केसाएवढी रेघ दिसते. बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचं असतं, तो आकडा फ्रेमवर छापलेला असतो. म्हणून कार्बन घेतली तर टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) अन् कार्बन पेस्ट घरात पाहिजेच, ग्रीस लावून भागत नाही, सीटपोस्ट खाली घसरत राहते. तडा गेला तर दुरुस्ती होते, होत नाही असं नाही, पण आपल्या मराठवाड्यात करणारा मला माहीत नाही, पुणे-मुंबईलाच पाठवतो आम्ही.

ऊन लागून फ्रेम वितळती का असं दर एप्रिलला कुणीतरी विचारतं. नाही. आपलं ४३ डिग्री तिला काहीच नाही. तापायचा प्रश्न येतो तो कार्बनची रिम अन् त्यावर रिम ब्रेक असेल तर, कन्नडचा औट्रम घाट उतरताना ब्रेक धरून ठेवला की रिम एवढी तापते की रेझिन (कार्बनचे धागे बांधणारा डिंक) मऊ पडू शकतं. तुम्ही डिस्क ब्रेकवाली बघताय, मग ती चिंता नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, सायकल नुसती उजव्या बाजूला आडवी पडली तरी वाकतो. तुमच्या मॉडेलचा हँगर घेतानाच एक जास्तीचा मागून घ्या. तेवढ्या तुकड्यापायी महिना महिना सायकल भिंतीला टेकलेली बघितलीय मी.

आणि किमतीचं विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यावर आलाय. सांगितलेली किंमत जुन्या दराची की नव्या ते बघा.

पैठणवारा
सगळे घाट घाट करतायत. आमच्याकडे या पैठण रोडला जून-जुलैमधे दुपारी. पश्चिमेचा वारा असा असतो की चिंचा न हलवता पडतात. जालन्याहून संभाजीनगरला परत येणाऱ्यांना विचारा, जाताना ३५ ने जातात अन् येताना १८ ने रडत येतात. त्यात हलकी सायकल घेऊन काय करणार? उलट कडेनं वारा आला की ती हलते जास्त.

वजनकाटा_जालना
जालन्यात राहतो, रडत येणाऱ्यांत मी पण आहे. वाऱ्याचा आकडा देतो. ताशी २५ ने चाललात आणि समोरून १५ चा वारा असला तर अंगावर हवा ४० ची लागते. ४० चा वर्ग भागिले २५ चा वर्ग, अडीचपट. तेवढाच वेग ठेवायला हवेसाठी अडीचपट ताकद. यात वजन कुठंच नाही. हात खाली ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) धरा, कोपर वाका, फडफडणारा टीशर्ट बदलून अंगाला चिकटणारी जर्सी घाला, हे सगळं मिळून जे वाचतं ते कुठल्याही कार्बन फ्रेमने वाचत नाही.

रेसवाल्यांचं पण बघा ना. यूसीआयने (जागतिक सायकलिंग संघटना) २००० पासून सायकल ६.८ किलोच्या खाली नको असा नियम केलाय. आज त्यापेक्षा हलकी बनवणं अवघड नाही, तरी टूर द फ्रान्सला सपाट स्टेजवर ७ किलोच्या वरच्या एरो (हवा कमी अडवणाऱ्या) सायकली घेऊन उतरतात. ज्यांना सायकल फुकट मिळते ते लोक वजनाऐवजी हवा निवडतात.

कार्बनप्रेमी
रेसवाले सपाटीला एरो निवडतात, डोंगर आला की ६.८ च्या जवळ जायला बघतातच की. आणि पॅडलर भाऊंचा प्रश्न डोंगराचाच आहे. ४२ सेकंद म्हणून हसताय पण ग्रुपमधे ४२ सेकंद म्हणजे चाकाला चिकटून राहणं आणि सुटणं यातला फरक असतो. एकदा सुटलं की संपलं.

वजनकाटा_जालना
सपाटीवर सुटलं की संपतं, पुढच्यामुळे मिळणारी वाऱ्याची आड जाते म्हणून. ताशी १० ने चढताना आड मिळतच नाही जवळजवळ, सुटलात तर सुटलात, आपल्या वेगाने या.

कार्बनप्रेमी
मन सुटतं ना राव. तुम्ही कधी एकटे मागं राहिलाय का वळणावर, पुढचे दिसेनासे झाल्यावर? सगळं आकड्यात नसतं हे मी परत सांगतो.

सराटा_परभणी
हे बाकी खरं बोललेत कार्बनवाले.

निवांत_नळदुर्ग
मगाशी चेष्टा केली, आता नीट बोलतो. तुळजापूरचा घाट मी सोलापूरच्या बाजूनं जड हायब्रीडवर चढायचो आणि आता रोड बाईकवर चढतो. तो फरक मोठा आहे, जाड टायर आणि ताठ बसणं यातून रोड बाईकवर आलं की कुणालाही विमान वाटतं. पण एका रोड बाईकवरून दुसऱ्या रोड बाईकवर तसली उडी पुन्हा मिळत नाही. पॅडलर भाऊ पहिली उडी आधीच मारून बसलेत, म्हणून त्यांनी अपेक्षा बेतानं ठेवावी एवढंच.

पहाटेचा_पॅडलर
बरीच माहिती मिळाली. टायरचं कुणीतरी नीट सांगा, कारण माझ्याकडे अजून कंपनीतून आलेलेच २५ चे आहेत, हवा ११० पीएसआय भरतो.

पॅडल_आणि_पाना
११० पहिलं कमी करा. आपले रस्ते काळ्या मातीवर आहेत, माती पावसात फुगती उन्हात आकसती, डांबर वर-खाली होतं. टणक टायर त्यावर उड्या मारतो अन् प्रत्येक उडीत तुमची ताकद जाते. तुमच्या वजनाला २५ ला ८५-९० पुरे. २८ बसत असतील तर ७५-८०.

स्वस्त तारेचा टायर अन् चांगला फोल्डिंग टायर यात दोन्ही चाकं मिळून दहा-पंधरा वॉटचा फरक सहज असतो. म्हणजे १८० मधले. वजनाच्या एका वॉटपुढं बघा. चांगला चार-पाच हजाराला एक पडतो, जोडी दहात बसते. टीपीयू (पातळ प्लास्टिकची) ट्यूब टाकली तर ती ३५-४० ग्रॅमची, साधी शंभरची, पण सराटेवाल्यांच्या भागात मी स्वतः ती लावून देत नाही, काटा लागला तर रस्त्यावर पॅच नीट चिकटवायला सगळ्यांना जमत नाही.

सराटा_परभणी
बरोबर. आन् बाटलीचं कुणी बोललंच नाई. पाऊण लिटरची बाटली म्हणजे पाऊण किलो पाणी, दोन घेतल्या की दीड किलो. कार्बनवाले अडीच किलो वाचवतेत अन् एप्रिलमधे दीड किलो पाणी घेऊन निघतेत, घ्यावंच लागतं, नाई घेतलं तर चक्कर येऊन पडताल.

लातूरची_लेक
घाटाच्या पायथ्याला एक बाटली रिकामी ठेवा, वर चहाच्या टपरीवर भरा. उन्हाळ्यात मात्र हा शहाणपणा करू नका.

पहाटेचा_पॅडलर
ठीक, सध्या असं करतो. ११-३४ कॅसेट, २८ चे चांगले टायर बसले तर, आणि फिट. सगळं वीस हजारात बसतंय. पावसाळ्यापर्यंत यावर चालवतो, मग कार्बनचं बघू. विचार सोडलाय असं नाही हां, ती सायकल दिसायला फार भारी आहे, गडद हिरवा रंग.

कार्बनप्रेमी
रंग आधी सांगायचा ना, एवढी चर्चाच झाली नसती 😄

पॅडल_आणि_पाना
ऑर्डर करायच्या आधी मागच्या डिरेलरचा आडवा फोटो टाका, केज लांब आहे का बघून सांगतो. आणि रिम ब्रेक असेल तर टायर आणि ब्रेकच्या कमानीमधे किती जागा आहे तो पण फोटो. काही जुन्या ब्रेकमधे २८ घासतो. ३४ टाकली की चेन पण लांब लागेल, नवी चेन सोबतच घ्या.

पहाटेचा_पॅडलर
संध्याकाळी टाकतो फोटो.

कार्बनप्रेमी
आणि रविवारी सहाला नगर नाक्यावर या. म्हैसमाळ माझ्या सायकलवर चढा, मी तुमच्या चढतो. पॅडल तुमचे लावू. माझी साईज ५४ आहे, चालेल का?

पहाटेचा_पॅडलर
मला ५६ लागते पण सीट वर केली तर जमेल. येतो.

वजनकाटा_जालना
दोघांचा वेळ इथं टाका. आणि बाटल्या सारख्या भरून घ्या.